दहाच्या आतला आवाज

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला स्टीलची मांडणी आहे. वर पेले, मधे ताटं, खाली डबे. चौकात डीजेचा टेम्पो आला की गाणं कळायच्या आधी वरचे पेले किणकिणायला लागतात. हात ठेवला की तेवढ्यापुरते गप्प, काढला की पुन्हा सुरू.

एका वर्षी असेच पेले वाजत असताना ११२ ला फोन लावला. घड्याळात पावणेनऊ. वीसेक मिनिटांत दोघे पोलीस मोटारसायकलवरून आले, मंडळाच्या पोरांशी बोलले आणि मग माझ्याकडे आले. त्यातल्या वयाने मोठ्या हवालदाराने मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, दहाला बंद करणारेत. तासाभराचा तर प्रश्न आहे."

त्याचं काही चुकतंय असं तेव्हा मलाही वाटलं नाही. दहापर्यंत चालतं, दहानंतर बंद, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पुढे कधीतरी मूळ नियम वाचायला घेतले, तेव्हा लक्षात आलं की हा निम्माच नियम आहे. उरलेला निम्मा दहाच्या आतल्या आवाजाबद्दल आहे, आणि त्याचं नाव कुणी काढत नाही.

तीन प्रश्न, त्यातला एकच विचारला जातो

नियमांचं पूर्ण नाव 'ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००'. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, त्याखाली केंद्र सरकारने केलेले हे नियम १४ फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू आहेत. सणासुदीला पोलीस आयुक्तांचे किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे लाऊडस्पीकरबद्दल जे आदेश निघतात, ते याच चौकटीत बसवलेले असतात.

या नियमांपुढे कुठलाही स्पीकर उभा केला की तीन प्रश्न येतात. परवानगी घेतली आहे का? आवाज किती आहे? आणि वाजले किती? आपण सगळे, पोलिसांसकट, तिसऱ्यावरच थांबतो.

परवानगीचं सोपं आहे. लाऊडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते, सकाळी अकरा वाजता लावला तरी लागते. मंडळं ती घेतातही, कारण मांडवाच्या परवानगीबरोबरच तो कागद मिळून जातो. गोंधळ पुढे होतो. परवानगी हातात आली की आवाजालाही परवानगी मिळाली असं समजलं जातं. त्या कागदावर बारीक अक्षरात 'ध्वनी मर्यादेचे पालन करावे' अशी एक ओळ असते, आणि ती मर्यादा म्हणजे नेमकी किती, हे विचारायला कुणी थांबत नाही.

तर ती मर्यादा अशी. नियमांनी परिसराचे चार प्रकार केले आहेत. औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल आणि रात्री ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, उरलेली रात्र. ही झाली त्या परिसराची सर्वसाधारण पातळी, म्हणजे गाड्या, माणसं, कारखाने सगळं धरून हवेत असायला हवा तेवढा आवाज.

सार्वजनिक जागी स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या पातळीपेक्षा फार तर १० डेसिबल जास्त चालतो, किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते. निवासी गल्लीत ५५ अधिक १०, म्हणजे ६५. बाजारपेठेत ७५. एमआयडीसीत बेरीज ८५ होते, पण वरचं झाकण ७५ चंच आहे. आणि मोजायचं ते मांडवाच्या हद्दीवर, स्पीकरच्या तोंडाशी नाही आणि तुमच्या गॅलरीतही नाही.

६५ डेसिबल म्हणजे किती? दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहून साधं बोलतात तेव्हा साधारण ६० होतात. म्हणजे गल्लीतल्या मांडवाच्या कडेला उभं राहून शेजारच्याशी किंचित आवाज चढवून बोललो तर त्याला ऐकू आलं पाहिजे. माणूस कानाशी तोंड नेऊन ओरडतो आहे असं दिसलं, तर मीटर आणायच्या आधीच उत्तर मिळालं. डीजेची भिंत सोडाच, माईकवरची आरतीसुद्धा या कसोटीला नापास होईल.

मला वाटतं, दहाचा नियम तेवढा जिवंत राहिला याचं कारण इथेच आहे. आकडा इतका कडक आहे की तो पाळायचा म्हटलं तर निम्मा उत्सव बंद करावा लागेल. मग त्या आकड्याकडे सगळेच कानाडोळा करतात. शिवाय आकडा सिद्ध करायचा तर मीटर हवा, तो अचूक असल्याचं प्रमाणपत्र हवं, पंच हवेत, पंचनामा हवा. घड्याळाला पंच लागत नाहीत.

डेसिबलची बेरीज

डेसिबलचे आकडे किलो-मीटरसारखे नसतात, म्हणून ते ऐकून आपली फसगत होते. ६५ डेसिबलच्या स्पीकरशेजारी तेवढ्याच आवाजाचा दुसरा ठेवला तर १३० होत नाहीत, ६८ होतात. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की तीन डेसिबल वाढतात, दहापट झाली की दहा. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ दुपटीएवढी वाटते. त्यामुळे 'मर्यादा ६५ ची होती, ७५ निघाले, दहाच तर जास्त' असं कुणी म्हणालं, तर दहापट ऊर्जा गल्लीत ओतली गेली आहे.

पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी अभियांत्रिकी महाविद्यालयातले (सीओईपी, आता विद्यापीठ) विद्यार्थी आणि शिक्षक गेली अनेक वर्षं लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत उभं राहून आवाज मोजतात. बेलबाग चौकापासून टिळक चौक, खंडोजीबाबा चौकापर्यंत. काही वर्षी सरासरी शंभराच्या पुढे गेली आहे. शंभर आणि ६५ यांत ३५ चा फरक, म्हणजे तीन हजारपटींहून जास्त ऊर्जा. कानाच्या बाजूने बघायचं तर कामगारांसाठीचा एक प्रचलित हिशेब असा आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शंभराला येईपर्यंत पंधरा मिनिटं उरतात. पथकात सलग तीन-चार तास ढोल कमरेला बांधणाऱ्या पोरापोरींना हा हिशेब कुणीतरी सांगायला हवा. कानात कापूस कोंबून यातलं फारसं काही वाचत नाही, त्यासाठी नीट बसणारे इअरप्लगच लागतात.

मीटरला न ऐकू येणारा बेस

आता माझ्या पेल्यांकडे येतो, कारण त्यांचं कोडं मला बराच काळ सुटत नव्हतं. फोनवरच्या ॲपने गॅलरीत आकडा पाहिला की तो माझ्या अपेक्षेपेक्षा कमी यायचा. छातीत धडधडतंय, खिडकीची काच थरथरतेय आणि आकडा म्हणतोय, विशेष काही नाही.

नियमातले डेसिबल साधे नाहीत, ते 'ए' भाराचे डेसिबल आहेत. माणसाच्या कानाला खर्जातले सूर कमी आणि मधल्या पट्टीतले जास्त ऐकू येतात, म्हणून मीटरही तसाच बनवला आहे. एक हजार हर्ट्झच्या आवाजाला तो पूर्ण गुण देतो. शंभर हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ १९ डेसिबल वजा करतो आणि पन्नास हर्ट्झच्या आवाजातून ३०. डीजेचा जो भाग छातीत बसतो, तो नेमका याच खालच्या पट्टीतला. म्हणजे ९० डेसिबलचा निव्वळ बेस असेल तर मीटर ६० म्हणेल आणि मंडळ पास होईल.

भोंग्याचं याच्या बरोबर उलट. पत्र्याच्या कर्ण्यातून येणारा आवाज मधल्या पट्टीतला, एका दिशेने फेकलेला. तो मीटरवर पुरेपूर उमटतो, पण खिडकी लावली की बराच अडतो. बेस अडत नाही. पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर असते. ती इमारतीला वळसा घालते, भिंतीतून आरपार जाते, मांडणीवरचे पेले हलवते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण दोन्ही बाजूंना चार-चार मजले असलेल्या गल्लीत तेवढा उतरत नाही. भिंतींवर आपटून तो परत परत येतो.

फोनवरचं ॲप तर आणखी भोळं. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला. खालचे सूर त्याला धड ऐकू येत नाहीत आणि फार मोठा आवाज आला की तो गुदमरतो. अंदाजापुरतं ठीक आहे, पण पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबू नये. मोजायचंच असेल तर त्याच जागेवरून दोनदा मोजा, एकदा गाणं चालू असताना आणि एकदा थांबलेलं असताना. त्या दोन आकड्यांतला फरक जास्त बोलका असतो, कारण आपल्या शहरांत रस्त्याचा आवाजच अनेकदा मर्यादेच्या वर असतो आणि 'हा काय आमचाच आवाज आहे का?' हे उत्तर तयार असतं.

दहानंतर, बारापर्यंत

रात्री दहा ते सकाळी सहा मात्र मोजायची गरजच नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर या बंदीत लाऊडस्पीकरच नाही तर आवाज करणारं कुठलंही साधन आणि वाद्य आलं. त्यामुळे 'आमचं पारंपरिक वाद्य आहे, डीजे नाही' हा युक्तिवाद दहानंतर चालत नाही. रात्रीचं बंधन मोडलं एवढंच तक्रारीला पुरतं.

सार्वजनिक आणीबाणी सोडली तर अपवाद दोन. एक, बंदिस्त जागा. सभागृह, परिषद कक्ष, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल, आणि तेही आतल्या आत ऐकू जाण्यापुरतं. आमच्याकडे लग्नाच्या लॉनवाल्यांना हा अपवाद फार आवडतो. वर कापड ताणलं, तीन बाजूंना पडदे सोडले की झालं सभागृह! कापडाला आवाज अडवता येत नाही हे त्यांनाही माहीत असतं. गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनारपट्टीवर रात्रीच्या पार्ट्यांचा वाद वर्षानुवर्षं उच्च न्यायालयापर्यंत जातो, त्याच्या मुळाशीही उघड्यावर, दहानंतर वाजणारं संगीतच आहे.

दुसरा अपवाद सणांचा. राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत मुभा देता येते. कुठले दिवस, हे आधी जाहीर करावं लागतं. आपल्याकडे त्यातले बरेचसे गणेशोत्सव आणि नवरात्रात खर्च होतात, उरलेले जयंत्या, ३१ डिसेंबर वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही तरतूद वैध ठरवली.

गंमत अशी की मुभा फक्त वेळेची आहे, आवाजाची नाही. दहानंतर निवासी भागाची मूळ पातळी ५५ वरून ४५ वर येते. त्यात दहा मिळवले तर हद्दीवर ५५. म्हणजे सवलतीच्या दोन तासांत आवाज आधीपेक्षा कमी हवा, असं नियम म्हणतो. हे वाक्य मी एका मंडळाच्या अध्यक्षांना वाचून दाखवलं तेव्हा ते मनापासून हसले.

शांतता क्षेत्रात ही सवलत नसते. पण शांतता क्षेत्र म्हणजे कुठलं? रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर, असं आपण वर्षानुवर्षं समजत आलो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलला, की राज्य सरकारने अधिसूचना काढून जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र ठरणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला या बदलाला स्थगिती दिली आणि तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली. त्यामुळे दवाखान्याबाहेर 'शांतता राखा'ची पाटी असणं आणि ती जागा कायद्याने शांतता क्षेत्र असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार करण्याआधी अधिसूचित यादीत नाव आहे का ते बघावं.

धर्म, परंपरा आणि कोर्ट

यावर न्यायालयांनी पुष्कळ लिहिलं आहे, पण गाभा छोटा आहे. ३० ऑगस्ट २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेन्नईतल्या एका चर्चबद्दल होता. तिथे प्रार्थनेला ड्रम आणि ध्वनिवर्धक वापरत, शेजारच्या कॉलनीने तक्रार केली. न्यायालय म्हणालं, इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. पुढे १८ जुलै २००५ ला सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पीठाने सविस्तर निकाल दिला. त्यातलं एक सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ऐकायचं की नाही हा हक्क दुसऱ्यालाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर राज्याला अंमलबजावणीचे आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या रहिवाशांच्या याचिकेवर हेच न्यायालय म्हणालं की लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही.

याच निकालात तुमच्या-माझ्या कामाची एक गोष्ट आहे. तक्रारदाराची ओळख पोलिसांनी विचारत बसू नये आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती कळू देऊ नये. त्या रात्री माझ्याकडे दोन पोलीस गणवेशात, मंडळाच्या पोरांच्या देखत, जिना चढून आले होते. दुसऱ्या दिवशी वर्गणीच्या पावत्या फाडणाऱ्यांनी आमचं दार वगळलं. तेवढे पैसे वाचले, पण सकाळी दुधाच्या रांगेत कुणी बोलेना.

ढोल-ताशांचा वाद थोडा वेगळा आहे. २०२४ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना तीस वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने लगेच ती स्थगित केली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ढोल पुढे सरकतो, वादक दमतात आणि थांबतात. जनरेटर दमत नाही.

तक्रार करायचीच असेल तर

११२ ला फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आवाज रोजचाच असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात 'खूप त्रास होतो' लिहून काही साधत नाही. तारीख, वेळ, जागा, भाग निवासी आहे की व्यापारी, परवानगी कुणाला आणि किती वाजेपर्यंतची आहे, हद्दीवर आवाज मोजून मिळावा ही मागणी, एवढं लिहा. नियम सातप्रमाणे आवाज ठरलेल्या पातळीपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक वर गेला, किंवा रात्रीचं बंधन मोडलं, तर तक्रार घेऊन कारवाई करणं हे अधिकाऱ्याचं काम आहे. हा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेला पोलीस उपअधीक्षक अथवा त्यावरचा अधिकारी. चौकातल्या हवालदाराकडून कायद्याची व्याख्या मागण्यात अर्थ नसतो, त्याला वरून कागद यावा लागतो.

शिक्षेचं सांगायचं तर पर्यावरण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. तुरुंगाची भीती कागदावर मोठी दिसायची, पण गल्लीतल्या पोरांना त्याखाली आत टाकायची हिंमत कोण करणार होतं? आकडा ठरलेला दंड वसूल करणं त्यापेक्षा सोपं जावं. सार्वजनिक उपद्रवाचं साधं कलम वेगळं आहे, भारतीय न्याय संहितेचं २९२. त्यात दंड हजार रुपयांपर्यंत. एका रात्रीच्या डीजेच्या सुपारीपुढे ती चिल्लर.

शेजारच्या फ्लॅटमधल्या पार्टीला हेच नियम लागतात का? लागतात, आणि जरा जास्तच कडक. खासगी जागेत लावलेल्या साऊंड सिस्टीमला हद्दीवर पाचच डेसिबलची सूट आहे. दिवसा ६०, रात्री ५०. पण तिथे आधी बेल वाजवावी, पोलिसांना नंतर. निम्म्या वेळा आतल्यांना कल्पनाच नसते.

मांडवाशीही मी आता आधी तेच करतो. मागच्या वर्षी अध्यक्षांना सोडून थेट साऊंडवाल्याला गाठलं. विशीतला पोरगा, गळ्यात हेडफोन, मिक्सरपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला. त्याला म्हटलं, बाबा, थोडा कमी करतोस का. त्याने मान डोलावली आणि दोन बटणं खाली ओढली. गाण्यातले शब्द विझले, झांजेची चमक गेली. "टॉप उतरवलेत काका. मीटरवाले आले तरी आता बसतंय." मी म्हटलं, आणि बेस? तो ओशाळून हसला. "बेस काढला तर पोरं नाचायची थांबतात."

घरी आलो. गाणं खरंच जवळजवळ ऐकू येत नव्हतं. मांडणीवरचे पेले मात्र वाजतच होते. ते उतरवून पलंगावर चादरीत गुंडाळून ठेवले.